केशर आंब्याची गरम पाण्याची प्रक्रिया: ४८ अंश कशाचे, ६० मिनिटं कुठून मोजायची

४८ अंश आणि ६० मिनिटं हे दोन आकडे खानदेशातल्या केशर बागायतदारांना आता पाठ झाले आहेत. युरोपला जाणाऱ्या आंब्यातली फळमाशीची अंडी आणि अळ्या मारण्यासाठी फळं तेवढ्या गरम पाण्यात तेवढा वेळ बुडवून ठेवायची. ऐकायला सोपं आहे. तरीही लॉट फेल जातात, नाहीतर पास होतात आणि पेटीत देठाकडून काळे पडतात. दोन्ही वेळा दोष मशीनला दिला जातो. खरी चूक बहुतेक वेळा मशीनच्या आधी झालेली असते, नाहीतर घड्याळ चुकीच्या क्षणी सुरू केलेलं असतं.

हा लेख नंदुरबार, धुळे, जळगाव भागातल्या बागायतदारांसाठी, गटांसाठी आणि पॅकहाऊसवर पाळीत काम करणाऱ्यांसाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. क्रम बदलला की पुढचे आकडे बरोबर असूनही उपयोग होत नाही.

## आधी ठरवा: माल कुठे जाणार?

प्रत्येक देशाची अट वेगळी. एका देशासाठी केलेली प्रक्रिया दुसऱ्याला चालेल असं गृहीत धरू नका.

- युरोप: गरम पाणी, ४८ अंश सेल्सिअस, ६० मिनिटं.
- जपान: वाफेची उष्णता, म्हणजे व्हेपर हीट. फळाच्या आतलं तापमान ४७.५ अंशांवर नेऊन तिथे २० मिनिटं. परवानगी ठरावीक वाणांना आहे, त्यात केशर येतो.
- अमेरिका: गरम पाणी नाही, वाफही नाही. भारतीय आंब्याला किमान ४०० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रेचं विकिरण, म्हणजे किरणांचा मारा, लागतो. ही सोय वाशी आणि लासलगावला आहे.

गोंधळ होतो तो इथेच. मेक्सिकोचा आंबा अमेरिकेत गरम पाण्याच्या प्रक्रियेवर जातो. इंटरनेटवर सापडणारे ४६.१ अंश आणि ६५ ते ११० मिनिटांचे तक्ते त्या आंब्याचे आहेत. ते भारतीय मालाला लावून पॅकहाऊस चालवू नका. त्यातल्या काही शिस्ती मात्र कुठेही उपयोगी आहेत, त्या पुढे जागोजागी येतील.

रावेर-यावलकडून नेहमी येणारा प्रश्न: केळीलाही हे लागतं का? हिरवी, टणक, साल न फुटलेली केळी फळमाशीचं यजमान फळ, म्हणजे ती अंडी घालते असं फळ, मानली जात नाहीत, त्यामुळे निर्यातीच्या केळीत हा विषय सहसा येत नाही. शहाद्याच्या पपईला येतो. पपईतल्या फळमाशीसाठी आंतरराष्ट्रीय मानकात वाफेची प्रक्रिया आहे: फळाच्या गाभ्यात ४६ अंश, ७० मिनिटं. फळ मोठं असल्याने गाभा तापायलाच काही तास जातात. तो वेगळा विषय आहे. इथून पुढे फक्त केशर आणि गरम पाणी.

## टप्पा १: वावरातली तयारी

गरम पाणी किडका माल चांगला करत नाही. वरून निरोगी दिसणाऱ्या फळात चुकून राहिलेलं अंडं मारण्यासाठी ते आहे. बागेतच माशी भरपूर असेल तर निवडीत फळं जातात, आणि तपासणीत मेलेली अळी सापडली तरी खरेदीदार प्रश्न विचारतोच.

1. बाग मँगोनेटवर (निर्यातीच्या आंबा बागांची ऑनलाइन नोंदणी) नोंदवा आणि नोंदणी दरवर्षी नव्याने पाहा. गट नंबर, झाडांची संख्या, वाण हे सातबाऱ्याशी जुळलं पाहिजे.
2. फळं सुपारीपेक्षा मोठी झाली की मिथाईल युजेनॉलचे सापळे लावा, एकरी दोन ते चार. रक्षक सापळा चालतो. गंधगोळी तीन-चार आठवड्यांनी बदला. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती लवकर सुकते, तेव्हा तारखेची वाट न पाहता हात लावून बघा.
3. गळलेली फळं रोज वेचा आणि दोन फूट खोल पुरा. अळी फळातून बाहेर पडून जमिनीत कोष करते. बांधावर टाकलेला ढीग म्हणजे पुढच्या पिढीची पैदास.
4. फवारणीची वही ठेवा: औषध, मात्रा, तारीख, तोडणीपूर्वीचे दिवस. गरम पाण्याने औषधाचा अंश निघून जातो असं समजू नका.

सावध: सापळ्यात फक्त नर येतात. सापळा रिकामा दिसतोय म्हणून बागेत माशी नाही असं नसतं, आणि सापळा भरला म्हणजे माशी संपली असंही नसतं. आठवड्याला किती सापडल्या हे लिहा. आकडा चढतोय की उतरतोय, कामाची गोष्ट तीच.

आणखी एक कीड आहे, कोयकिडा. आंब्याच्या कोयीत बसलेल्या या भुंग्यावर गरम पाण्याचा भरवसा ठेवता येत नाही. बाहेरून डागही दिसत नाही. बागेत तो असल्याची शंका असेल तर थोडी फळं कापून कोय फोडून पाहा आणि ती बाग निर्यातीतून बाजूला काढा.

## टप्पा २: तोडणी

निम्मं नुकसान इथेच होतं. कोवळं फळ ४८ अंशांचं पाणी सोसत नाही. प्रक्रियेनंतर त्याच्या सालीखाली पांढरा, पिठूळ, न पिकणारा थर राहतो, देठाजवळ पोकळी पडते. खरेदीदार त्याला शिजलेला आंबा म्हणतो. लवकर बाजार गाठायच्या घाईत आठ दिवस आधी तोडलेल्या मालाचा शेवट असा होतो.

फळ तयार आहे हे असं ओळखा:

- देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे भरून देठाच्या वर आलेले असतात.
- साध्या पाण्यात टाकल्यावर फळ तळाला बसतं. तरंगणारं फळ कोवळं.
- कापल्यावर कोयीजवळचा गर फिकट पिवळा झालेला असतो. पूर्ण पांढरा असेल तर थांबा.

पाडाला लागलेलं, मऊ पडू लागलेलं फळही नको. ते पाण्यात मऊ होतं आणि क्रेटमध्ये दबतं.

तोडणी पहाटे सुरू करून दहाच्या आत संपवा. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), देठासह काढा. लांब देठ ठेवून आणलेलं फळ सावलीत एक सेंटिमीटरपर्यंत देठ कापून उलटं ठेवा म्हणजे चीक जाळीवर गळून जातो. चिकाचा ओघळ सालीवर राहिला आणि फळ तसंच गरम पाण्यात गेलं की तो पट्टा भाजल्यासारखा तपकिरी होतो. हा डाग पुसला जात नाही.

सावध: पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी किंवा वळवाचा पाऊस झाल्यावर लगेच तोडणी करू नका. फळ पाण्याने तटतटलेलं असतं. चीक जास्त येतो आणि सालीवरची बारीक छिद्रं प्रक्रियेनंतर काळी पडतात. दोन-तीन दिवस जाऊ द्या.

## टप्पा ३: मालाला टेकू द्या

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे पारा ४२-४४ वर असतो. उघड्या टेम्पोतून आलेल्या वरच्या कॅरेटमधल्या फळाचा गर ३८-४० अंशांवर, खालच्या कॅरेटमधला ३०-३२ वर. एकाच लॉटमध्ये एवढा फरक घेऊन टाकीत उतरलात तर वरचं फळ भाजतं.

माल सावलीत, वारा खेळेल असा, रात्रभर ठेवा. कॅरेटच्या थप्प्यांमध्ये वितभर जागा सोडा. सकाळी गराचं तापमान २६ ते ३० च्या दरम्यान एकसारखं आलं की काम सोपं होतं.

उलटी चूकही होते. आदल्या दिवशीचा माल टिकावा म्हणून १३ अंशांच्या कोल्ड रूममध्ये ठेवतात आणि सकाळी तिथून थेट टाकीत. पाणी ४८ दाखवतं, घड्याळ ६० दाखवतं, पण कोयीजवळचा गर वेळेत तापतच नाही आणि अळी जिवंत राहते. गराचं तापमान २१ अंशांच्या खाली असेल तर ते फळ टाकीत टाकू नका. मेक्सिकोच्या आंब्याच्या नियमातही हीच मर्यादा आहे, आणि तिच्यामागे हेच कारण आहे.

तपासा: थप्पीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या कॅरेटमधून फळ घ्या. सुईचा थर्मामीटर गरात खुपसून तिन्ही आकडे लिहा. फरक तीन अंशांहून जास्त असेल तर अजून थांबा.

## टप्पा ४: निवड आणि वजनाने वर्गवारी

माशीने टोचलेली, चिरलेली, मार लागलेली, चिकाचे डाग असलेली फळं काढून टाका. टोच ओळखायची खूण: सुईने टोचल्यासारखा ठिपका, भोवती किंचित दबलेली, पाणावलेली जागा, कधी वाळलेल्या चिकाचा थेंब. शंका आलेली फळं कापून पाहा. अळी सापडली तर त्या बागेचा लॉट पूर्ण थांबवा, फक्त ते एक फळ नाही.

आता वर्गवारी. ती भावासाठी करतातच, पण इथे उष्णतेसाठी करायची आहे. उष्णता सालीकडून आत जाते, त्यामुळे जाड फळाचा गाभा उशिरा तापतो. २०० आणि ४०० ग्रॅमची फळं एकाच क्रेटमध्ये असतील तर लहान फळ जास्त शिजतं आणि मोठं कमी तापतं. एका खेपेत एकच गट घ्या: २०० ते २५०, २५१ ते ३००, ३०१ ते ३५० ग्रॅम, असे ५० ग्रॅमचे गट पुरतात. त्याहून मोठी फळं निराळी ठेवा.

## टप्पा ५: टाकी आणि पाणी

हिशेब आधी कागदावर करा. ५०० किलो आंबा ३० वरून ४७ अंशांवर न्यायला सुमारे ९ युनिट वीज लागते. टाकीत २,००० लिटर पाणी असेल आणि हीटर बंद असेल तर हा माल पाण्याचं तापमान जवळपास ४ अंशांनी खाली ओढेल. यातली बरीच उष्णता पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांतच शोषली जाते. १२ किलोवॅटचे हीटर २० मिनिटांत ४ युनिट देतात, म्हणजे ते मागे पडणार. तेव्हा एकतर हीटर वाढवा, नाहीतर खेपेचा माल कमी करा. एक किलो आंब्याला किमान चार लिटर पाणी धरा. जास्त असेल तर उत्तम.

२,००० लिटर पाणी २८ वरून ४८ वर न्यायला ४६-४७ युनिट लागतात. २४ किलोवॅटवर दोन तास, भिंतीतून जाणारी उष्णता वेगळी. सकाळी सहाला पहिली खेप उतरवायची तर साडेतीनला हीटर चालू झाले पाहिजेत. गावच्या फीडरचं भारनियमन रात्रीच विचारून घ्या. जनरेटर फक्त दिव्यांचा नको, हीटर आणि पंप दोन्ही ओढेल असा हवा.

पाण्याबद्दल तीन गोष्टी:

क्षार. तापी खोऱ्यातल्या बऱ्याच बोअरचं पाणी जड आहे. हीटरच्या कॉइलवर पांढरी पापडी धरते, उष्णता पाण्यात यायला वेळ लागतो आणि तापमान सावरत नाही. हंगामात दर आठवड्याला कॉइल उघडून बघा. सेन्सरच्या नळीवरही हीच पापडी बसते आणि तो उशिरा आकडा दाखवतो. हे मात्र कुणी बघत नाही.

क्लोरीन. १०० पीपीएमसाठी १,००० लिटर पाण्याला १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १ लिटर. पीएच ६.५ ते ७.५ ठेवा, त्यावर गेला तर क्लोरीन असूनही काम करत नाही. गरम पाण्यातून ते भराभर उडतं, म्हणून दर खेपेआधी पट्टीने मोजा. उन्हात पडलेल्या कॅनमधलं हायपोक्लोराइट लेबलवरच्या टक्क्यांचं राहत नाही.

खेळतं पाणी. पंप बंद असेल तर वरचं पाणी ४९ आणि तळाचं ४६ असू शकतं. पंप पूर्ण वेळ चालू राहिला पाहिजे.

सावध: पीएच उतरवायला आम्ल वापरत असाल तर आम्ल आणि हायपोक्लोराइट कधीही एकत्र ओतू नका. विषारी वायू निघतो. आधी एक पाण्यात पूर्ण मिसळू द्या, मग दुसरं, आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवून.

## टप्पा ६: सेन्सरची खातरजमा

बर्फाच्या पाण्यात ० अंश दाखवतो म्हणजे सेन्सर ४८ लाही बरोबर, असं नसतं. प्रमाणित थर्मामीटर आणि सेन्सर एकाच ढवळत्या पाण्यात, ४८ च्या आसपास, शेजारी धरा. तीनदा वाचा आणि लिहा.

समजा प्रमाणित थर्मामीटर ४७.६ दाखवतो आणि तुमचा सेन्सर ४८.०. म्हणजे सेन्सर ०.४ जास्त दाखवतो. खरे ४८.० मिळवायचे तर पॅनेलवर ४८.४ दिसले पाहिजेत. ही दुरुस्ती उलट्या बाजूला लावणं ही फार साधी चूक आहे, आणि तिने सबंध दिवसाचा माल बाद होतो. म्हणून पॅनेलच्या वर खडूने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: "पॅनेल ४८.४ = खरे ४८.०".

पाण्याचे किमान तीन सेन्सर हवेत: एक पाणी आत येतं तिथे, एक मध्ये, एक सगळ्यात थंड कोपऱ्यात. थंड कोपरा अंदाजाने ठरत नाही. हंगामाच्या सुरुवातीला भरलेल्या टाकीत जागा बदलून बदलून मोजा आणि तो शोधा. निकाल द्यायचा तो त्या कोपऱ्याच्या आकड्यावर. तीन सेन्सरची सरासरी काढून ४८ दाखवणारे लोक आहेत. तसं करू नका.

गराचा सेन्सर लावायचा असेल तर गटातलं सगळ्यात जड फळ निवडा. टोक कोयीला जवळजवळ टेकलेलं, पण कोयीत घुसलेलं नको. भोकाभोवती मेण किंवा सीलंट लावा. नाहीतर गरम पाणी सळईच्या कडेने आत उतरतं आणि गर तापायच्या आधीच सेन्सर ४८ दाखवतो. हा आकडा इतका छान दिसतो की कुणाला शंका येत नाही. पहिल्या पाच-सात मिनिटांतच गराचं तापमान पाण्याशी जुळलं, तर समजा भोक गळतंय. २५० ग्रॅमच्या फळाला तिथपर्यंत यायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. सेन्सर खुपसलेली फळं नंतर फेकायची, पेटीत नाही.

तपासा: लॉगरचं (तापमान आपोआप नोंदवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ मोबाईलशी जुळवा. नोंद दर मिनिटाला, फार तर दर दोन मिनिटांनी. तारीख चुकलेला आलेख तपासणीत कुणी मान्य करत नाही.

## टप्पा ७: माल उतरवणं आणि घड्याळ

क्रेट चारही बाजूंनी छिद्रांचे, झाकणाचे. झाकण नसेल तर काही फळं वर येतात आणि पाठ पाण्याबाहेर राहते. सगळ्यात वरच्या फळावर किमान १० सेंटिमीटर पाणी हवं. क्रेट गच्च भरू नका, पाणी फळांमधून फिरलं पाहिजे.

आता एक नमुन्याची खेप बघू. ५०० किलो माल, २,००० लिटर टाकी, थंड कोपऱ्याचा दुरुस्त केलेला आकडा:

- ६:१० माल उतरला, पाणी ४८.६
- ६:१५ पाणी ४६.९
- ६:२२ पाणी ४७.४
- ६:३१ पाणी ४८.०

घड्याळ ६:३१ ला सुरू होतं, ६:१० ला नाही. माल ७:३१ ला बाहेर. ज्याने ६:१० ला घड्याळ लावलं आणि ७:१० ला क्रेट उचलले, त्याने ४८ वर ३९ मिनिटंच दिली. त्याच्या वहीत मात्र "४८ अंश, ६० मिनिटं" लिहिलेलं असतं.

याच खेपेत दुसरी अडचणही लपलेली आहे. घड्याळ बरोबर लावलं तरी फळ पाण्यात एकूण ८१ मिनिटं राहिलं. साल आणि बाहेरचा गर तेवढा जास्त तापला. म्हणजे हीटर कमी पडले की एकतर अळी वाचते, नाहीतर आंबा बिघडतो. पाणी पाचेक मिनिटांत परत ४८ वर येत नसेल तर खेप लहान करा. यावर दुसरी युक्ती नाही.

ती तूट भरून काढायला सुरुवातीलाच पाणी ५० वर नेऊन ठेवणारे आहेत. टाळा. पहिली काही मिनिटं बाहेरच्या क्रेटमधली फळं तेच ५० अंश झेलतात. सुरुवात ४८.५ च्या आसपास आणि पुढे ४८.० ते ४८.५ च्या पट्ट्यात.

## टप्पा ८: ती साठ मिनिटं

या तासात करायचं एवढंच: थंड कोपऱ्याचा आकडा ४८.० च्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि कुणालाही झाकण उघडू द्यायचं नाही. एक माणूस फक्त पॅनेलवर. तोच माणूस पेट्या चिकटवायला गेला की मध्येच पंप बंद पडतो आणि ते नंतर आलेखात दिसतं.

वीज गेली तर? जनरेटर लगेच लागला आणि आकडा ४८.० च्या खाली गेलाच नाही, तर नोंद करून पुढे चला. ४१ व्या मिनिटाला आकडा ४७.२ वर आला तर ती खेप गेली. "उरलेली १९ मिनिटं नंतर देऊ" हे चालत नाही, कारण मधल्या वेळात काय मेलं आणि काय जगलं हे कागदावर दाखवता येत नाही. परत पूर्ण ६० मिनिटं देता येतील, पण दोनदा तापलेला आंबा परदेशी बाजारात पोचेपर्यंत टिकत नाही. तो माल जळगाव किंवा सुरतच्या बाजारात पाठवणं शहाणपणाचं, आणि तेही त्याच दिवशी.

## टप्पा ९: थंड करणं

क्रेट बाहेर काढून लगेच गार पाण्यात बुडवण्याचा मोह होतो, कारण फळ हाताला चटका देत असतं. थांबा. कोयीजवळची उष्णता अजून काम करत असते. शिवाय गरम फळ एकदम थंड झालं की आतला वायू आकसतो आणि देठाच्या तोंडातून पाणी आत ओढलं जातं. पाणी घाण असेल तर कूजही त्याच्याबरोबर आत जाते.

1. अर्धा तास जाळीच्या खोलीत, पंख्याखाली. तुमच्या केंद्राच्या मंजूर कार्यपद्धतीत वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा.
2. मग क्लोरीनच्या स्वच्छ पाण्यात. २१ अंशांखालचं पाणी नको. मे महिन्यात टाकीतलं साधं पाणी ३० च्या आसपास असतंच, त्यासाठी वेगळा बर्फ आणायची गरज नाही.
3. फळ कोरडं करा. देठाच्या खळगीत थेंब राहतो, तो वाऱ्याने जाऊ द्या.
4. गर ३० च्या खाली आल्यावरच पेटी, मग प्री-कूलिंग, मग १२ ते १३ अंश.

सावध: १२ च्या खाली नेऊ नका. "जास्त थंड म्हणजे जास्त टिकेल" हे केशरला लागू नाही. थंडीची इजा झालेलं फळ बाहेर काढल्यावर रंग धरत नाही आणि सालीवर खड्डे पडतात.

## टप्पा १०: झालेला माल, न झालेला माल

टाकीच्या एका बाजूने कच्चा माल आत, दुसऱ्या बाजूने प्रक्रियेचा माल बाहेर. मध्ये भिंत, दुहेरी दार, हवेचा पडदा, खिडक्यांना दीड मिलिमीटरहून लहान छिद्रांची जाळी. गरम पाण्याचा परिणाम फळात शिल्लक राहत नाही. थंड झालेल्या फळावर माशी बसली तर ती परत अंडी घालते. हमालांना उकडतं म्हणून दाराला वीट लावून ठेवणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. त्या बाजूला पंखे जास्त लावा, वीट आपोआप जाईल.

क्रेटचा रंग बदला: न झालेल्याला एक, झालेल्याला दुसरा. चिठ्ठ्या भिजून पडतात, रंग पडत नाही.

पेट्यांच्या छिद्रांना आतून जाळी. पेटीवर पॅकहाऊसचा क्रमांक, लॉट, प्रक्रियेची तारीख. प्रक्रियेची नोंद, बागेची नोंदणी आणि पेट्यांची संख्या एकमेकांशी जुळली तरच फायटो, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला, निघतं. लॉट क्रमांकात एक आकडा चुकला तरी गाडी उभी राहते, आणि उभ्या गाडीत आंबा पिकत राहतो. फायटोसाठीचे कागद गाडी भरायच्या आधी पूर्ण करा, भरल्यावर नाही. गाडी धुळे-नाशिकमार्गे वाशीला संध्याकाळी सोडा, रीफर (गाडीचा थंड डबा) आधीच १३ वर आणून. गरम डब्यात थंड माल चढवला की पेटीत घाम येतो.

## बिघाड दिसला तर कारण कुठे शोधायचं

- सालीवर मोठे तपकिरी भाजलेले पट्टे: चीक नीट काढला नाही, किंवा पाणी ४९ च्या वर गेलं.
- सालीची छिद्रं काळी: पाणी किंवा पाऊस झाल्यावर लगेच तोडणी, किंवा क्लोरीन जास्त.
- सालीखाली पांढरा कडक गर, देठाजवळ पोकळी: कोवळा माल, किंवा पाण्यात एकूण वेळ फार झाला. फक्त लहान फळात दिसत असेल तर वर्गवारी चुकली.
- सात-आठ दिवसांनी देठाकडून काळी कूज: थंड करण्याचं पाणी घाण, देठ ओला, किंवा गरम असतानाच पेटी बंद. करप्याचे काळे ठिपके सालभर असतील तर मूळ बागेत आहे.
- मोठ्या फळातच जिवंत अळी: गट मिसळले, माल थंड होता, किंवा घड्याळ आधी सुरू झालं. आलेख काढा आणि माल उतरवल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातली रेघ बघा.
- सगळ्या आकारांत जिवंत अळी: सेन्सरची दुरुस्ती उलटी लागली. त्याच दिवसाच्या सगळ्या खेपा थांबवा, गेलेल्या गाडीसकट.

प्रत्येक खेपेतली एक पेटी पॅकहाऊसवरच ठेवा, निम्मी १३ अंशांवर आणि निम्मी खोलीच्या तापमानाला. तिसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या दिवशी चार-चार फळं कापा आणि खेपेच्या आलेखाच्या मागेच लिहा. खरेदीदाराचा फोन यायच्या आधी ही पेटी तुम्हाला सांगते की पुढच्या खेपेत काय बदलायचं.